मागची सीट

चावी फिरवली तरी पंखा हलला नाही.

"बॅटरी बसली वाटतं," शेजारच्या सीटवरून नाना म्हणाले.

वृषालीने पुन्हा एकदा चावी फिरवून बघितली. बॅटरी उत्तम होती. समोरच्या पडद्यावर लाल पट्टी उमटली होती आणि तिच्यात एकच ओळ होती: या योजनेप्रमाणे उड्डाण करता येणार नाही. या देशात आल्यापासून असं पहिल्यांदाच होत होतं.

"किनाऱ्यावर धुकं असेल," ती म्हणाली. "थोड्या वेळाने बघू."

दोघं खाली उतरली. मुरमाची धावपट्टी, तिच्या टोकाला वाऱ्याची दिशा सांगणारी कापडी नळी, पलीकडे तांबूस डोंगर आणि अलीकडे विटक्लिप नावाचं चार खोल्यांचं अतिथीगृह. नामिबियाच्या वाळवंटातली ही जागा दोन कोरड्या नद्यांच्या मधे होती. सगळ्यात जवळचं गाव गाडीने अर्ध्या दिवसावर.

वृषाली बोरसे नाशिकची दातांची डॉक्टर. तिचे वडील कॅप्टन दिगंबर बोरसे यांनी आयुष्यभर धुळ्याला विमान चालवायला शिकवलं. वृषालीही त्यांच्याच हाताखाली शिकली आणि दवाखाना सांभाळून हौसेने उडत राहिली. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांमुळे नानांचा परवाना गेला. तेव्हापासून त्यांचं घरात मन लागेना. वरून विमान गेलं की जेवणावरून उठून गॅलरीत जायचे. शेवटी वृषालीनेच ठरवलं, वाळवंट थेट समुद्रात उतरतं तो किनारा त्यांना आकाशातून दाखवायचा. विमान चालवणार ती, शेजारी बसणार ते.

परक्या देशात छोटं विमान उडवायचं तर निम्मं काम जमिनीवरच असतं. वृषाली जवळजवळ वर्षभर त्यात होती. आपला परवाना तिथे मान्य करून घेणं, तिथल्या नियमांची परीक्षा देणं, विमान भाड्याने ठरवणं. कुठल्या धावपट्टीवर पेट्रोलची पिंपं मिळतात आणि कुठे आधी सांगून ठेवावी लागतात, हे एकेका मालकाला फोन करून विचारणं. दुपारी वाळवंटातली हवा तापून इतकी विरळ होते की पंखांना पुरेशी उचल मिळत नाही, म्हणून प्रत्येक उड्डाण सकाळचं धरणं. आणि शेवटी 'शॅडो'.

बाहेरून हौसेने येणाऱ्या वैमानिकांचे अपघात वाढले, तेव्हा त्या देशाने ही यंत्रणा आणली होती. राजधानीत उतरल्यावर प्रत्येक पाहुण्या वैमानिकाला एक पूर्ण दिवस नकली विमानात बसवत. त्याची नजर कुठे जाते, हात किती लवकर हलतो, घाबरल्यावर तो काय करतो, हे सगळं टिपून संगणकात त्याची एक सावली तयार होई. ती त्याच्यासारखीच निर्णय घेई, त्याच्यासारखीच चुके. पुढे खऱ्या विमानातली प्रत्येक हालचाल, आत बोललेला प्रत्येक शब्द ऐकून ही सावली आणखी नेमकी होत जाई. शेजारी बसणाऱ्याचीही सावली बने, कारण तोही उड्डाणाचा भागच.

वैमानिकाने योजना भरली की सावल्या ते उड्डाण हजारो वेळा करून बघत. कधी वारा थोडा वेगळा, कधी ढग थोडे खाली, कधी इंजिनाला खोकला. त्यातल्या फार वेळा सावली मेली, तर परवानगी नाही आणि इंजिनाला कुलूप. पोचणं न पोचणं याच्याशी शॅडोला कर्तव्य नव्हतं. वैमानिक कुठेतरी जिवंत उतरतो की नाही, एवढंच ते बघत असे.

वृषालीने टॅब्लेटवर योजनेतली वेळ बदलून बघितली. उंची बदलली. आतून वळसा घेणारा मार्ग भरला. प्रत्येक वेळी लालच.

अतिथीगृह चालवणारी सेल्मा व्हरांड्यात कॉफी घेऊन आली. पन्नाशीची, मोकळ्या स्वभावाची बाई. विमानाने येणारे पाहुणे तिने बरेच पाहिले होते. "नुसते आकडे काय बदलताय?" ती म्हणाली. "कारण विचारा ना त्याला. उड्डाण कुठे फसलं ते दाखवावं लागतं त्यांना."

नाना खोलीत आडवे झाले होते. वृषालीने जेवणाच्या खोलीत बसून कानात इअरफोनची बोंडं घातली आणि पहिलं उड्डाण लावलं.

पडद्यावर विमानाच्या आतलं दृश्य होतं. खाली पिवळी जमीन, समोर दूरवर पांढरी भिंत. किनाऱ्यावरचं धुकं. मग तिचा स्वतःचा आवाज आला. हुबेहूब तिचाच, मराठीत.

"नाना, मी वळते."

"अगं थांब जरा." हाही हुबेहूब. "उजवीकडे उजळलंय बघ. थोडं खाली घे, खालून मोकळं असेल."

"नको ना…"

"घे गं. मी आहे ना."

विमान खाली गेलं. काच पांढरी झाली. उंचीचे आकडे घसरत राहिले आणि एका आकड्यापाशी चित्र थांबलं.

तिने दुसरं लावलं. शब्द थोडे वेगळे, शेवट तोच. तिसऱ्यात ती वळायला लागली होती आणि अर्ध्यातून परत सरळ झाली. काही उड्डाणांत नानांचं म्हणणं खरं ठरलं, खालून वाट सापडली, विमान सुखरूप उतरलं. पण जिथे जिथे ती मेली, तिथे तिथे आधी तिने वळते म्हटलं होतं आणि मग ती वळली नव्हती.

मग तिने योजनेतून प्रवाशाचं नाव काढलं. बाकी सगळं तेच ठेवलं.

पट्टी हिरवी झाली.

*

"काय म्हणतं तुझं यंत्र?" दुपारी नानांनी विचारलं.

"धुकं."

"धुकं कधीच वर गेलं असेल. मी काय नवीन आहे का?" त्यांनी टॅब्लेट स्वतःकडे ओढला. "हे बघ, इथे आणीबाणीचं बटण आहे. वैमानिकाने स्वतःच्या जबाबदारीवर दाबलं की कुलूप उघडतं. दाब."

"आणीबाणी कुठे आहे, नाना?"

"इथे कुजत बसायचं ही आणीबाणीच आहे. उद्या किनारा बघायचा, परवा उत्तरेला. तूच आखलंस ना हे सगळं? एक दिवस गेला की पुढचं सगळं कोलमडतं. दाब. मी आहे ना."

वृषालीचं बोट पडद्यापर्यंत गेलं. ते गेलं याचीच तिला भीती वाटली. तिने हात मागे घेतला, कानातली बोंडं काढून नानांपुढे धरली आणि म्हणाली, "हे आधी ऐका."

नानांनी एक उड्डाण बघितलं. दुसरं अर्ध्यावर थांबवलं.

"मी असं बोलत नाही."

वृषालीने बोंडं परत घेतली.

"यंत्राने बनवलेला आवाज आहे तो. माझ्या तोंडी काहीही घालतील. तीस वर्षांत माझ्या एका विद्यार्थ्याला ओरखडा उठला नाही. आणि आता हे मला सांगणार, की मी माझ्या पोरीला मारणार?"

"तुमच्यामुळे मरतो असं नाही म्हणत ते. मी वळत नाही म्हणून आपण मरतो."

"मग वळत जा ना! मी काय हात धरले तुझे?"

"तुमचं बहुतेक वेळा बरोबर निघतं, नाना. म्हणून तर नाही वळत मी."

हे तिच्या तोंडून निघून गेलं आणि मग तिच्याच लक्षात आलं, की हे विमानापुरतं नव्हतं. तिला पुण्यात दवाखाना काढायचा होता. नाना म्हणाले नाशिक, आणि नाशिकला तो छान चालला. घर घेताना तिला तळमजला हवा होता. त्यांनी वरचा घ्यायला लावला, आणि पुढच्याच वर्षी तळमजल्यात पाणी शिरलं. नवऱ्याशी पटेनासं झालं तेव्हा नाना म्हणाले, घाई करू नकोस, निवळेल. तेही निवळलं. दर वेळी ते बरोबर ठरले होते. त्यामुळे स्वतःचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

"म्हणजे मी नसलो तर चालतं," नाना म्हणाले.

ती हो म्हणाली नाही, पण त्यांनी आपलं नाव काढून पट्टी हिरवी करून बघितलीच. मग टॅब्लेट टेबलावर ठेवला आणि खोलीत निघून गेले.

*

संध्याकाळी सेल्माने दोघांना बाहेर बोलावलं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, आणि तरी कोरड्या नदीतून गढूळ पाणी उसळत चाललं होतं. वाळक्या फांद्या, एक पत्र्याचं पिंप, कुणाचं तरी अख्खं कुंपण.

"पूर्वेला डोंगरात पाऊस कोसळलाय," सेल्मा म्हणाली. "पलीकडची नदीही आली असणार. आता रस्ता विसरा."

"किती दिवस?" वृषालीने विचारलं.

"पाणी ठरवेल."

गाडी नदीशी अडली होती आणि विमान नानांच्या नावाशी. पूर्वेला, राजधानीच्या बाजूला, दिवसभर गडगडाटी ढग उभे असत, त्यामुळे तिकडचीही वाट लालच होती. वृषाली रोज सकाळी योजना भरी. रोज तेच. तिला एकटीला जाता येत होतं, कुठल्याही क्षणी.

"जा की," नाना जेवताना म्हणाले. ते आता टॅब्लेटकडे बघतही नव्हते. "मी येईन पाणी उतरलं की. म्हातारं सामान आहे, मागाहून पाठवतात."

"असं काय बोलताय?"

"मग कसं बोलू? बोललो की पोरगी मरते."

त्यानंतर ते बोलेनासेच झाले. सेल्माशी बोलत, तिच्या कुत्र्याशी बोलत. वृषाली समोर आली की उठून धावपट्टीकडे जात आणि विमानाभोवती एक फेरी मारून पंखाला टेकून उभे राहत. वृषाली खिडकीतून बघत राही. घरी असती तर त्यांना जायला दुसरी खोली असती, तिला दवाखाना असता. इथे जिथे जावं तिथून ते दिसत होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती स्वतःलाही ऐकू लागली होती. "चहा घेऊ की कॉफी?" एवढं साधं वाक्यसुद्धा ती त्यांच्याकडे बघून विचारत होती.

एका सकाळी नाना न्याहारीला आले नाहीत. ती खोलीत गेली तर ते पलंगाच्या कडेला वाकून बसले होते. चेहरा घामाने भिजलेला.

"छातीत दुखतंय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी भिंतीकडे बघत म्हणाले, "लघवी होत नाहीये. पहाटेपासून."

प्रोस्टेटचा त्रास त्यांना होताच. आता मार्ग पुरता बंद झाला होता. दातांची असली तरी वृषाली डॉक्टर होती. मूत्राशय फुगत चाललंय, नळी घालून मोकळं केलं पाहिजे, हे तिला कळत होतं. नळी तिच्याकडे नव्हती. सेल्माने राजधानीला फोन लावला. रुग्णवाहिकेचं विमान पुरात अडकलेल्या गावांकडे गेलं होतं. उद्या बघू म्हणाले. किनाऱ्यावरच्या शहरात इस्पितळ होतं, विमानाने तासाभरावर. "नद्यांच्या अलीकडच्याच शेजारच्या फार्मवर गुरांचे डॉक्टर आलेत म्हणे," सेल्मा म्हणाली, "पण ते कळपामागे रानात आहेत. रेडिओवर मिळत नाहीत. मी प्रयत्न करत राहते."

वृषालीने टॅब्लेट घेतला. आणीबाणीचं बटण तिथेच होतं, आणि आता आणीबाणीही खरी होती. बटण दाबलं की कुलूप उघडेल. सावलीचं म्हणणं काही बदलणार नाही. नाना शेजारी असतील, वेदनेत असतील, आणि समोर धुकं असेल.

तिने प्रवाशाची जागा बदलली. पुढची सीट काढून मागची टाकली. पट्टी लालच. मग तिने मागच्या सीटचा माईक बंद केला.

पट्टी नारिंगी झाली. परतीपुरतं पेट्रोल वाढवल्यावर हिरवी.

ती नानांसमोर जमिनीवर बसली. "तुम्ही मागे बसायचं. तुम्हाला माईक नसेल. मला तुमचं काही ऐकू येणार नाही."

"मी बोलणार नाही म्हणून सांगतोय ना."

"शॅडोचा विश्वास नाही, नाना." मग ती खरं ते बोलली. "माझाही नाही."

त्यांनी डोळे मिटले. कळ आली असावी, किंवा दुसरं काही. मग तिच्या खांद्यावर भार देऊन ते उठले.

*

धावपट्टीवरून विमान उचललं तेव्हा हवा अजून थंड होती. खाली दोन्ही नद्या दिसत होत्या, तपकिरी, फुगलेल्या, आणि त्यांच्यामध्ये विटक्लिपचं छप्पर. मग नद्या मागे पडल्या आणि नुसती वाळू सुरू झाली.

वृषालीने मागे बघितलं. नाना दोन्ही हातांनी पोट धरून, कपाळ खिडकीच्या काचेला टेकवून बसले होते. ओठ हलत होते. इंजिनाच्या आवाजात काहीच कळत नव्हतं.

धुकं अंदाजापेक्षा पुष्कळ आत आलं होतं. किनारा यायला अजून बराच अवकाश असताना वाळूचे डोंगर पांढऱ्यात बुडायला लागले. तिने विमानतळाशी संपर्क केला. धावपट्टी दिसत नाही, उत्तर आलं. केव्हा दिसेल सांगता येत नाही.

उजव्या हाताला पांढऱ्यात एक उजळ फट होती. खरीच होती. तिने ती पाहिली, आणि नानांनीही पाहिली असणार, कारण त्याच क्षणी तिच्या सीटच्या पाठीवर मागून थाप बसली. मग दुसरी. ते उजवीकडे बोट दाखवत असतील हे वळून न बघताही तिला दिसत होतं. त्या फटीपलीकडे इस्पितळ होतं. मागे वळलं तर तासभर आणखी कळा, आणि पोचायचं ते जिथे नळी नाही अशा ठिकाणी. मूत्राशयाला काय होऊ शकतं, मूत्रपिंडांना काय होऊ शकतं, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं.

पेट्रोलचा काटा ठरवलेल्या खुणेवर आला. इथून वळलं तरच परतता येणार होतं.

"नाना, मी वळते," ती मोठ्याने म्हणाली. कुणाला ऐकू जाणार नव्हतं. तिने विमान डावीकडे कलतं केलं. सीटवर थापा बसत राहिल्या, मग लाथ बसली, आणि वळण पूर्ण होईपर्यंत तिने हात हलू दिला नाही. सूर्य काचेतून पुढे आला तेव्हा थापा थांबल्या. तिला रडू येत होतं, पण रडलं तर आकडे दिसणार नव्हते.

*

विटक्लिपच्या धावपट्टीवर सेल्मा जीप घेऊन उभी होती. तिच्या शेजारी उन्हाने रापलेला एक दांडगा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. गुरांचे डॉक्टर रेडिओवर सापडले होते.

"माणसांवर कधी केलं नाही," त्यांनी आधीच सांगितलं. राजधानीतल्या डॉक्टरीणबाई पडद्यावरून सूचना देत होत्या. नळी घोड्याच्या शिंगरासाठी आणलेली, पाकीटबंद, निर्जंतुक. वृषाली हातमोजे घालायला लागली तेव्हा नाना पहिल्यांदा बोलले.

"तू बाहेर जा."

ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. आतून आधी नानांचं कण्हणं आलं, मग बराच वेळ काहीच नाही, मग त्यांनी सोडलेला लांबच लांब श्वास. तिने भिंतीला डोकं टेकलं.

दुपारी सेल्माने सांगितलं, की किनाऱ्यावर धुकं उठलं. त्यांनी पाठ फिरवली त्यानंतर अर्ध्या तासातच. राजधानीहून निघालेलं एक विमान तिथे आरामात उतरलं होतं.

हे नानांना न सांगणं सोपं होतं. वृषालीने तेच आधी ठरवलं आणि मग त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं.

ते उशीला टेकून बसले होते. "म्हणजे ती फट खरी होती."

"हो."

"थोडा वेळ घिरट्या घातल्या असत्या तर उतरलो असतो."

"कदाचित."

नाना छताकडे बघत राहिले. आता ते काय म्हणतील ते तिला पाठ होतं. ते म्हणाले, "वळताना उंची सुटली नाही तुझी."

तिला आधी कळलंच नाही.

"मी काटा बघत होतो मागून. मी लाथ मारली तरी जागचा हलला नाही." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "झोपतो आता."

*

पूर्वेचे ढग विरले तेव्हा नद्या अजून वाहतच होत्या. वृषालीने राजधानीची योजना भरली. तिच्या त्या वळणानंतर सावलीही बदलली असेल का, हे बघायला तिने नानांना पुढच्या सीटवर टाकलं, माईकसह.

पट्टी हिरवी झाली.

नाना मागे येऊन उभे होते. पिशवी लावलेली, हातात काठी. त्यांनी पट्टी पाहिली. क्षणभर त्यांचा चेहरा तिच्या लहानपणी असायचा तसा झाला, आणि मग त्यांनीच स्वतःला आवरलं.

"ते हिरवं झालं म्हणून बसवू नकोस," ते म्हणाले. "तुला हवं असेल तर बसव."

हो म्हणणं इतकं सोपं होतं, की तेवढ्यानेच ती सावध झाली.

"आज मागे बसा, नाना."

त्यांनी मान डोलावली. पंखाच्या दांडीला धरून, काठी आधी आत टाकून, हळूहळू मागच्या सीटवर चढले. तिने त्यांना हेडफोन दिला आणि त्याचा माईक या वेळी चालू ठेवला.

अर्ध्या वाटेवर डोंगरांच्या डोक्यावर ढगांची एक ओळ आली. वरून जावं की वळसा घालावा, दोन्ही शक्य होतं. कानात नुसता श्वासांचा आवाज येत होता. त्यांचा आणि तिचा. ते बोलतील म्हणून ती थांबली. ते बोलले नाहीत. तिने वळसा घातला, आणि ढग मागे पडले तरी, पुढचा सगळा रस्ता, ती त्यांच्या आवाजाची वाट बघत राहिली.